झेरॉक्सचा लोडर

माझ्या जावयाला मी मनातल्या मनात झेरॉक्स म्हणतो. लग्नाआधी त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. ते बसलं, पण धंदा काही सुटलेला नाही. दुसऱ्याने केलेलं मोबाइलवर बघायचं आणि तसंच्या तसं, जरा पुसट, उतरवून काढायचं, हे तो अजूनही दिवसभर करतो. घरातला नळ त्याने असाच दुरुस्त केला. नळ गळतो. स्वयंपाकघरातली फळीही त्यानेच ठोकली. ती इतकी उतरती आहे की तिच्यावर ठेवलेला डबा आपल्या पायांनी दाराकडे निघतो.

मी उभा जन्म माती खणणाऱ्या मोठ्या यंत्रांच्या हायड्रॉलिकमध्ये काढला. वर्कशॉपमध्ये मला उस्ताद म्हणत, आणि तोंडदेखलं म्हणत नसत. मुलीने मला न विचारता लग्न ठरवलं तेव्हा मी तिला एवढंच म्हणालो होतो की, या माणसाला बोल्ट कुठल्या बाजूने आवळतात तेसुद्धा माहीत नाही. ती हसली. “शिकेल की, बाबा,” म्हणाली. पुढे बायको गेली, गुडघ्यांनी राजीनामा दिला, आणि मी त्याच माणसाच्या घरी मुक्कामाला आलो.

या वयात माणसाच्या इच्छा फारशा उरत नाहीत. माझी एकच होती. मुलीने एकदा माझ्याकडे यावं आणि म्हणावं, बाबा, तुमचं बरोबर होतं, हा माणूस कामाचा नाही. मी काही फुशारकी मारणार नव्हतो. नुसती मान हलवली असती.

त्यांचा डेपो आहे. माती, वाळू आणि कंपोस्टचे ढीग, पुढे फाटक, फाटकाशी वजनकाटा, आणि मागच्या कडेला आमच्या दोन खोल्या. माल भरायला एक ट्रॅक्टर आहे, झेरॉक्सपेक्षा वयाने मोठा आणि समजूतदार. त्याला पुढून लोडर जोडलेला. लोडर म्हणजे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला बकेट. ट्रॅक्टर बनवला तेव्हा लोडरचा विचार कोणी केला नव्हता, त्यामुळे त्याचा पंप बेताचा. लिव्हर ओढावी, शिंकावं, नाक पुसावं, रुमालाची घडी घालून खिशात ठेवावी, तेव्हा कुठे बकेट गुडघ्याच्या वर यायची. नर्सरीवाली बाई दर आठवड्याला ट्रक घेऊन यायची आणि ट्रक भरेपर्यंत सगळ्या डेपोला तोंडपाठ होईल इतक्यांदा घड्याळ बघायची. एकदा ती माझ्या मुलीला म्हणाली, “ताई, पलीकडच्या डेपोत नवं मशीन आलंय. मला तिकडे जायचं नाहीये, पण माझा ड्रायव्हर कंटाळतो हो.” ड्रायव्हरचं नाव पुढे करून माणसं काय काय सांगतात.

झालं. झेरॉक्सने लोडर सुधारायचा चंग बांधला.

पहिल्यांदा त्याने वॉशर घातले. तेलाचा दाब हद्दीबाहेर गेला की त्याला वाट मोकळी करून देणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, रिलीफ व्हॉल्व्ह. त्याच्या स्प्रिंगखाली वॉशर सरकवले की दाब वाढतो. दाब वाढला की जोर वाढतो. वेग तसूभरही वाढत नाही, कारण वेग असतो पंप किती तेल ढकलतो त्यावर. आमच्याकडे हे फरशी पुसणाऱ्यालासुद्धा ठाऊक होतं. मोबाइलवर कोणा दिवट्याने वॉशर घातले होते, म्हणून यानेही घातले. मग ओल्या मातीने बकेट काठोकाठ भरली आणि लिव्हर ओढली. बकेट पूर्वीच्याच चालीने वर निघाली, फक्त आता तिला कसलंच ओझं जड वाटेना. ओझं उतरलं ट्रॅक्टरवर. मागची चाकं जमिनीवरून उचलली गेली आणि जावईबापू सीटवर बसल्या बसल्या मातीच्या ढिगाला लोटांगण घालायला निघाले. मी चहा पीत होतो. चहा नाकातून बाहेर आला.

“बाबा, हे असं होणार हे तुम्हाला माहीत होतं?” जेवताना मुलीने विचारलं.

“माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला विचारलं कोणी?”

आमच्या वर्कशॉपचा एक दंडक होता. दुसऱ्याने उघडलेल्या यंत्रावर बोलायचं नाही. ज्याने उघडलं त्याने ‘बघा जरा’ म्हटल्याशिवाय जो तोंड उघडायचा, त्याच्या बाजूला चहाच्या वेळी कोणी बसत नसे. मी तिला हे सांगितलं. ती भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. झेरॉक्स खाली मान घालून जेवत होता. मग म्हणाला, “नाही, बरोबर आहे बाबांचं. माझं काम, मी आधी शिकायला हवं.” त्याला राग येत नाही, हीसुद्धा मला त्याची एक खोडच वाटते. अपमान कळायलाही थोडी अक्कल लागते.

वॉशर निघाले. मग दुसरा प्रयोग सुरू झाला. आता नवा मोठा पंप, इंजिनाच्या पुढच्या टोकाला जोडलेला. मूळ पंप मागच्या कामाला तसाच ठेवायचा आणि लोडरला स्वतंत्र तेल द्यायचं. कल्पना चांगली होती. म्हणजे त्याची नव्हती. पंप आणि इंजिन जोडणारं कपलिंग त्याने तीनदा बसवलं आणि तीनदा काढलं. आमचा माणूस एकदाच बसवायचा आणि दांडा फिरवून बघून निघून जायचा. हा मात्र दोरा लावून बघतो, आरसा धरून बघतो, बायकोला बोलावून तिला बघायला लावतो. तेलाची टाकी त्याने आतून इतकी पुसली की तिच्यात बाळाला आंघोळ घालावी. फिल्टर टाकला तोही गरजेपेक्षा मोठा. सगळा डेपोभर पसारा, आणि पसाऱ्याच्या मधोमध हा, हनुवटीला काळं फासून, मोबाइलमधल्या कुठल्याशा परक्या माणसाला ‘हो सर, हो सर’ करतोय. घरात उस्ताद बसलेला असताना.

मी खिडकीतून बघत होतो. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

खरी मजा व्हॉल्व्हची झाली. नवा घ्यायचा सोडून त्याने भंगारवाल्याकडून दोन लिव्हरचा जुना व्हॉल्व्ह आणला. वस्तू मजबूत होती, पण मी लांबूनच तिची जात ओळखली. सोपं करून सांगतो. असला पंप इंजिन चालू आहे तोवर तेल ढकलतच राहतो, तुम्ही लिव्हर ओढा की नका ओढू. लिव्हर मधोमध असते तेव्हा त्या तेलाला टाकीत परत जायला वाट लागते. हा व्हॉल्व्ह ज्या यंत्रातून निघाला होता तिथे ती वाट मुद्दाम बंद ठेवतात, कारण तिथला पंप वेगळा. वाट उघडायची तर आतला एक प्लग काढून दुसऱ्या प्रकारचा बसवावा लागतो. बोटाच्या पेराएवढा प्लग. तो बदलला नाही तर तेल कोंडतं आणि जो पाइप सगळ्यात कच्चा असेल तिथून फुटून बाहेर येतं. वाचवायला रिलीफ व्हॉल्व्ह असतो म्हणा, पण भंगारातून आलेल्या रिलीफ व्हॉल्व्हच्या भरवशावर मी माझ्या चपलाही सोडणार नाही. आणि कच्चा पाइप कुठला तेही दिसत होतं. बाकीचे नवे टाकून याने एक जुना तसाच ठेवला होता, चालवणाऱ्याच्या उजव्या कोपराजवळून जाणारा.

प्लग बदलायचं याला माहीत असेल का, यावर मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तो सामान आणायला गेला तेव्हा मी काठी टेकत बाहेर गेलो. नट-बोल्टच्या पत्र्याच्या डब्यात वरच, प्लास्टिकच्या पुडीत, तो प्लग पडला होता. बरोबर प्रकारचा. कोरा करकरीत. व्हॉल्व्ह तर केव्हाच जागेवर बसून, पाइप जोडून, वरून रंग मारून तयार होता.

म्हणजे याने प्लग मागवला होता आणि बसवायचा विसरला होता. मला एवढा आनंद बोनस मिळाल्यावरही कधी झाला नव्हता. मी पुडी जिथली तिथे ठेवली आणि घरात येऊन बसलो.

त्या दुपारी मुलगी कपडे वाळत घालता घालता थांबली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. ओल्या हातांनीच. “बाबा,” ती म्हणाली, “तुमच्या नजरेला सगळं नीट दिसतंय ना? उद्या बाई येणारेत. चालू करून दाखवणार म्हणतोय तो.”

“ज्याने उघडलंय त्याला विचार.”

“तो म्हणतो झालंय.”

“मग झालं असेल.”

ती थोडा वेळ बसली. मी वर्तमानपत्र उघडलं. पुढचं सगळं मी मनाशी रंगवून ठेवलं होतं. झेरॉक्स सीटवर चढणार, नर्सरीवाल्या बाईंसमोर छाती काढून चावी फिरवणार, पंप किंचाळणार, पाइप फुटणार, आणि हे महाशय डोक्यापासून पायापर्यंत तेलाने न्हाऊन खाली उतरणार. मग मुलगी माझ्याकडे बघणार. तिला बोलायचीही गरज पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी बाई ट्रक घेऊन आल्या. मला बाहेर खुर्ची टाकली होती. कोणी टाकली? जावयानेच. सावली बघून टाकली होती, वर पाठीला उशी. मी बसलो. ड्रायव्हर ट्रकला टेकून उभा राहिला. झेरॉक्सने हात पुसले, घसा साफ केला आणि बाईंना म्हणाला, “आज तुम्हाला घड्याळ बघायला वेळ मिळणार नाही.” बोलायला काय जातं.

मग तो माझ्या मुलीकडे वळला. “तू बस ना सीटवर. मी खाली वाकून बघतो, कुठे तेल गळतंय का ते. पहिल्यांदाच चालू करतोय, कोणीतरी बघायला हवं.”

ती पदर खोचून चढली. तिला चालवता येतं, अधूनमधून चालवतेही. सीटवर बसून तिने लिव्हरवर हात ठेवला आणि तिचं कोपर त्या जुन्या पाइपाला टेकलं.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक वेल्डर होता. तेल गळतंय का बघायला त्याने एकदा पाइपावरून बोट फिरवलं. सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्याला काही लागलंसुद्धा नाही, नुसता लाल ठिपका दिसला. दाबाखालचं तेल कातडीच्या आत शिरलं होतं. संध्याकाळपर्यंत हात टम्म सुजला आणि त्या आठवड्यात त्याची दोन बोटं काढली. हे मी विसरलो नव्हतो. चारही दिवस विसरलो नव्हतो. फक्त माझ्या चित्रात त्या सीटवर दुसरं कोणीतरी बसलं होतं.

तिने चावीला हात घातला.

“थांब!” मी ओरडलो. “उतर! उतर खाली! हात लावू नकोस!”

काठी कुठे पडली कळलं नाही. मी ट्रॅक्टरच्या चाकाला धरून उभा होतो आणि तिचा दंड ओढत होतो. ती घाबरून खाली उतरली. बाई दोन पावलं मागे सरल्या. झेरॉक्स पुढून पळत आला. “बाबा, काय झालं? छातीत दुखतंय का?”

“प्लग,” मी म्हणालो. “गाढवा, व्हॉल्व्हचा प्लग बसवलाच नाहीस तू! डब्यात पडलाय! तेल कोंडून हा पाइप फुटला असता, तिच्या हातावर!”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा मोकळा झाला. तो डब्याकडे गेला आणि पुडी घेऊन आला. “हा होय? हा जास्तीचा आहे, बाबा. मी दोन मागवले होते. माझ्या हातून एक तरी हरवतंच, म्हणून मी सगळं दोन-दोन मागवतो.” तो ओशाळून हसला. “आतला बदललाय. पहिल्याच दिवशी. आणि रिलीफ व्हॉल्व्ह गेज लावून तपासून आणला. हा पाइप तेवढा राहिला, त्या मापाचा उद्या येणारे. म्हणून आज इंजिन अगदी हळूच फिरवणार होतो.”

बाईंचा ड्रायव्हर खुदकन हसला. हसू दे. मला त्याचं काही वाटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं निदान चुकलं होतं, तेही एका झेरॉक्सवाल्यासमोर, आणि मला त्याचंही काही वाटलं नाही. मुलीचा दंड माझ्या हातात होता, शाबूत. मला रडू येत होतं.

तिने दंड सोडवून घेतला.

“बाबा, तो डबा तुम्ही कधी बघितलात?”

“काल सकाळी.”

“म्हणजे मी तुम्हाला विचारलं, त्याच्या आधी.”

मी काठी कुठे पडली ते बघू लागलो.

“मी शेजारी बसून विचारलं तुम्हाला. तेव्हा तुम्हाला वाटत होतं की हे फुटणार आहे.” तिचा आवाज चढला नव्हता. हिशेब जुळतोय का ते बघावं तशी ती बोलत होती. “आज मी वर चढले म्हणून तुम्ही ओरडलात. हा चढला असता तर?”

बाईंनी उगाच पर्स उघडून बंद केली.

“ओरडले असते गं,” झेरॉक्स म्हणाला. “असं काय विचारतेस? बाबा काय मला लागू देतील?” आणि त्याने माझी काठी उचलून, पँटला पुसून माझ्या हातात दिली.

त्या मूर्खाला खरोखरच तसं वाटत होतं. मी त्याचा चेहरा नीट बघितला. टोमणा नव्हता, सारवासारव नव्हती. माझ्याबद्दल त्याची इतकी चांगली समजूत कधीपासून होती, कोण जाणे.

मुलगी थांबली होती. तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. एक ‘हो’ पुरला असता. एवढं आयुष्य गेलं, गिऱ्हाइकांना काय काय थापा मारल्या, आणि हे एक अक्षर माझ्या तोंडातून बाहेर पडेना. ती वाट बघून बघून शेवटी वळली, सीटवर चढली आणि चावी फिरवली.

पंपाचा आवाज स्वच्छ होता. तिने लिव्हर ओढली आणि बकेट अशी सरसर वर गेली की बाई ‘अगंबाई’ म्हणाल्या. ट्रक भरेपर्यंत ड्रायव्हरचा चहासुद्धा संपला नाही. झेरॉक्स ट्रॅक्टरभोवती वाकून वाकून फिरत होता, एकेका जोडाखाली पुठ्ठ्याचा तुकडा धरून तेल बघत होता. बोट त्याने कुठेही लावलं नाही.

पुढे काही विशेष झालं नाही. मुलगी माझ्याशी नीट बोलते. गोळ्या हातावर आणून देते, गुडघ्याला तेल लावायला बसते. नर्सरीवाली बाई अजून येते. त्या पाइपाच्या जागी नवा आला, त्यानंतर झेरॉक्सने काट्याची दुरुस्ती काढली, मग फाटकाची. तो काम करत असला की मी सवयीने बाहेर जाऊन बसतो. थोड्या वेळाने मुलगी येते आणि त्याच्या आणि माझ्या मध्ये उभी राहते. हातात काही काम नसतं. पाठ माझ्याकडे असते.

“अगं, जरा बाजूला हो की,” तो खालून म्हणतो. “बाबांना दिसत नाहीये.”

ती हलत नाही.